हातउसन्या विजेचा हिशेब मांडणारा माणूस

गोंदिया जिल्ह्यातले बिरसी बाहेरच्यांना ठाऊक असते ते तिथल्या विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. भोवतालचा मुलूख मात्र धानाचा. उन्हाळी धान बांध्यांत उभे असते, पाण्याची सारी भिस्त विहिरी-बोअरच्या मोटारींवर असते, आणि लाईन आली की शिवारातल्या मोटारी एका क्षणी सुरू होतात, कारण बहुतेकींना ऑटो स्विच लावलेला असतो. पुढचे चित्र धानपट्ट्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. डीपीजवळची मोटार जोमाने पाणी फेकते. लाईनच्या टोकाची नुसती घुमते, तापते आणि थोड्याच दिवसांत रिवाइंडिंगला जाते. घरातला बल्ब पिवळा पडतो. दवाखान्यात एक्स-रे फिका निघतो, आणि लशींचा फ्रिज २ ते ८ अंशांच्या आत राहावा म्हणून जोडलेला स्टॅबिलायझर सारखा टकटक करत राहतो.

वीज कमी पडते, अशी तक्रार मग होते. पण याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. अशा वेळी लाईनच्या टोकाला पुष्कळदा कमी पडते ते वेगळेच काही असते. त्याला इंजिनियर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर म्हणतात. ही शक्ती स्वतः पाण्याचा एक थेंबही उपसत नाही, तरी तिच्याशिवाय व्होल्टेज उभे राहत नाही. या शक्तीचा हिशेब साध्या बीजगणितात बसवून सगळ्या जगाच्या इंजिनियरांच्या हाती देणारा माणूस जेमतेम चार फूट उंचीचा होता. पाठीला कुबड, चालणे लंगडते. नाव चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. त्याच्या काळात अमेरिकेत एडिसनच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाई. आज ते इंजिनियरिंगच्या पुस्तकांबाहेर फारसे भेटत नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातल्या ब्रेसलाऊ शहरात कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झचा जन्म झाला. हे शहर आता पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्स्वाफ. वडील रेल्वेच्या कचेरीत शिळाछापाचे काम करत. कार्लच्या पाठीला जन्मापासून बाक होता, खुब्यातही दोष होता. वडिलांच्या पाठीला तसाच बाक होता आणि आजोबांच्याही. तीन पिढ्यांत एकच ठेवण दिसली म्हणजे ती रक्तातून आली, एवढे सांगायला जनुकांची तपासणी लागत नाही. त्या आजाराला नंतरच्या लेखकांनी निरनिराळी नावे दिली आहेत, पण फोटो पाहून शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान करण्याचा हा उद्योग फार विश्वासाचा नव्हे. क्ष-किरणांचा शोधच मुळी १८९५ चा. तोवर कार्ल तीस वर्षांचा झाला होता. डॉक्टरच्या नजरेला महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पाठीचा कणा असा वाकला की फासळ्यांचा पिंजरा आखडतो, फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही, आणि त्यांच्यात रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या उजव्या बाजूवर वर्षानुवर्षे जास्तीचा भार पडत राहतो. असा माणूस तरुणपणी धडधाकट वाटला तरी त्याच्या हृदयाचे खाते आधीपासूनच खर्चात चाललेले असते.

कार्ल वर्षाचा असताना आई गेली. आजीने त्याला वाढवले आणि भरपूर लाड केले. सुरुवातीला शाळेत त्याला पाढे जमत नसत. पुढे हाच मुलगा गणितात सगळ्यांच्या पुढे गेला. १८८३ मध्ये तो ब्रेसलाऊ विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या गणित मंडळातल्या मित्रांनी त्याला प्रोटियस हे टोपणनाव दिले. ग्रीक पुराणातला हा समुद्रातला म्हातारा हवे ते रूप घेतो, आणि त्याला पक्के धरून ठेवले तर सगळी गुपिते सांगतो. कुबड्या मुलाला मिळणाऱ्या टोपणनावांत हे नाव चांगलेच म्हणायचे. त्याने ते आयुष्यभर अभिमानाने बाळगले.

त्या वर्षांत जर्मनीत समाजवाद्यांवर बिस्मार्कचा कायदा लागू होता. सभा आणि वर्तमानपत्रे यांवर बंदी होती. स्टाइनमेट्झ विद्यार्थी समाजवाद्यांत ओढला गेला आणि त्यांच्या पत्राच्या संपादनातही त्याने हात घातला. पोलिसांची नजर वळली. १८८८ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध हातातोंडाशी आला असताना अटकेची चाहूल लागली आणि त्याला पदवी न घेताच देश सोडावा लागला. वडिलांशी त्याची पुन्हा भेट झाली नाही. झुरिकला पोहोचून त्याने तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनियरिंग शिकायला सुरुवात केली. तिथे ऑस्कर आस्मुसेन नावाचा मित्र खोलीत सोबतीला होता. त्याने अमेरिका पाहिलेली होती. त्यानेच बोटीच्या तिकिटाचे पैसे भरले आणि दोघे तिसऱ्या वर्गातून निघाले.

१ जून १८८९ रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. कॅसल गार्डन या ठाण्यावर येणाऱ्यांची छाननी होई. अंग धड आहे का, हा माणूस पोट भरेल का, की सरकारवर ओझे होईल, एवढेच तिथे पाहिले जात असे. समोर उभा होता चार फुटांचा, कुबडा, प्रवासात सर्दीने चेहरा सुजलेला, खिसा रिकामा आणि इंग्रजी तुटपुंजे असलेला तरुण. त्याला परत पाठवण्याची तयारी झालीच होती. आस्मुसेन मध्ये पडला. हा आपल्यासोबत आहे, पैशांची सोय आहे आणि हा मोठा गणिती आहे, असे त्याने अधिकाऱ्यांना पटवले. मित्राने त्या दिवशी भीड बाळगली असती तर पुढचे सगळे कुठे आणि कसे घडले असते, कोण जाणे. अमेरिकन होताना कार्लचा चार्ल्स झाला आणि मधली दोन नावे टाकून तिथे प्रोटियस बसले.

यॉन्कर्स गावात रुडॉल्फ आयकेमायर नावाच्या जर्मन कारखानदाराकडे त्यांना नोकरी मिळाली. आयकेमायर मूळचे टोप्या बनवण्याची यंत्रे करणारे, पण एव्हाना विजेच्या मोटारींत शिरले होते. त्या मोटारी तापत. लोखंडाचे चुंबक सेकंदाला अनेकदा उलटसुलट होत असते, आणि प्रत्येक वेळी लोखंड थोडी ऊर्जा खाते. ती किती, हे मोटार बनवून, चालवून, हाताला चटका बसल्यावरच कळे. स्टाइनमेट्झ यांनी शेकडो मोजमापे घेतली आणि जानेवारी १८९२ मध्ये अमेरिकन विद्युत इंजिनियरांच्या संस्थेपुढे नियम मांडला. चुंबकत्वाची तीव्रता वाढली की हा नाश तिच्या १.६ घाताच्या प्रमाणात वाढतो. आता मोटार किती तापेल ते कागदावरच सांगता येऊ लागले. तेव्हा त्यांचे वय २६ होते.

पुढच्या वर्षीचे काम याहून मोठे. १८९३ मध्ये शिकागोला विद्युत इंजिनियरांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या काळी एडिसनची एकाच दिशेने वाहणारी वीज मागे पडत होती आणि दिशा बदलणारी एसी वीज पुढे येत होती. एसी दूरवर नेता येते, पण तिचे गणित भयंकर. व्होल्टेज दर क्षणाला बदलते, करंटही बदलतो, आणि दोघे एकाच वेळी माथ्यावर पोहोचतीलच असे नाही. साध्या मंडलासाठीही पानेच्या पाने समीकरणे लिहावी लागत. स्टाइनमेट्झ यांनी सुचवले की प्रत्येक राशीला एक लांबी आणि एक कोन द्यावा आणि ती वजा एकच्या वर्गमुळासह एका संख्येने लिहावी. शाळेत ज्या संख्यांना काल्पनिक म्हणून मुले नाक मुरडतात त्याच या संख्या. कोन म्हणजे कोण किती मागे रेंगाळतो त्याचे माप. मग समीकरणे सोडवण्याऐवजी नुसती बेरीज-गुणाकार करून काम भागते.

हे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आले असे मात्र नाही. त्याच वर्षी, शिकागोच्या आधी काही महिने, आर्थर केनेली यांनी याच वाटेने जाणारा निबंध वाचला होता. हे केनेली १८६१ साली मुंबईत, कुलाब्याला जन्मले. वाट दोघांनी दाखवली, पण तिची सडक केली ती स्टाइनमेट्झ यांनी. १८९७ चे त्यांचे पुस्तक आणि त्यानंतरची पुस्तके वाचून इंजिनियरांची पूर्ण पिढी तयार झाली.

या गणिताने जी गोष्ट लख्ख दिसू लागली ती हातउसन्या विजेची. मोटारीला पाणी उपसण्यासाठी खरी ऊर्जा लागते. ती खर्च होते, परत येत नाही, बिलात लागते. पण मोटार फिरायला आधी तिच्यात चुंबकत्व उभे राहावे लागते. त्यासाठी मोटार लाईनकडून थोडी ऊर्जा हातउसनी घेते आणि क्षणात परत करते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे हे देणेघेणे सेकंदाला शंभर वेळा चालते. महिनाअखेरीस पाहिले तर देणे-घेणे शून्य. म्हणून तिला बिनकामाचा करंट असेही म्हटले गेले. पण उसने आणायला आणि परत द्यायला कुणाला तरी चालावे लागतेच. ते चालणे तारेतून होते. तार तापते आणि वाटेत व्होल्टेज झिजते. वीजकेंद्र दूर असेल तितकी झीज जास्त.

शरीरातही असे काही घडते. हृदय आकुंचन पावते तेव्हा सगळे रक्त तडक पुढे जात नाही. महाधमनी फुगते, थोडा जोर स्वतःत साठवते आणि हृदय विसावा घेत असताना परत देते. त्या फुगण्या-आकसण्याने एकाही पेशीला थेट अन्न मिळत नाही, पण ते नसेल तर दोन ठोक्यांमध्ये रक्तदाब कोसळेल. म्हातारपणी महाधमनी कडक झाली की वरचा दाब चढतो आणि खालचा उतरतो, तो याच कारणाने.

उपाय उघड आहे. हातउसने शेजारीच मिळाले तर गावोगाव हिंडावे लागत नाही. मोटारीला चुंबकत्वासाठी ऊर्जा हवी असते नेमक्या त्याच क्षणी कपॅसिटर ती सोडत असतो, आणि मोटार परत करते तेव्हा तो साठवत असतो. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना सारखे सांगत असते की पंपाला कपॅसिटर बसवा आणि ऑटो स्विच काढा. ही सूचना पत्रकांत वाचून लोक सोडून देतात. कपॅसिटर दोन-तीनशे रुपयांसाठी राहतो आणि मोटार हजारोंना जळते.

१८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि लवकरच तिने आयकेमायर यांचा कारखाना घेतला. त्यासोबत स्टाइनमेट्झही गेले, आधी लिन आणि मग १८९४ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी. उरलेले आयुष्य तिथेच गेले. १९०१-०२ मध्ये ते विद्युत इंजिनियरांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले, १९०२ मध्ये हार्वर्डने मानद पदवी दिली, आणि स्केनेक्टडीच्याच युनियन कॉलेजात ते शिकवू लागले. त्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास पेटंटे आहेत. तोंडात सदा सिगार. छातीत एवढीशी जागा असलेल्या माणसाने सिगार ओढावा, यावर कुठल्याही छातीच्या डॉक्टरचे मत काय होईल ते वेगळे सांगायला नको.

त्यांनी लग्न केले नाही. आपल्या पाठीचा वाक पुढच्या पिढीत जाऊ नये हा निश्चय त्यामागे होता, असे त्यांना ओळखणारे सांगत. तीन पिढ्यांचा अनुभव पाहता हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, पण तो करताना त्यांना काय वाटले असेल याची नोंद कोणत्याही सूत्रात नाही. घराची हौस मात्र दांडगी होती. त्यांनी मोठे घर बांधले, काचेच्या घरात निवडुंग वाढवले, मगरी पाळल्या. आणि मग प्रयोगशाळेतला तरुण सहकारी जोसेफ हेडन याला त्यांनी बायकोसह राहायला बोलावले. हेडनच्या बायकोने, कोरिनने, जेवणाच्या वेळा पाळायच्या अशी अट घातली आणि ती मान्य झाली. पुढे स्टाइनमेट्झ यांनी हेडनला रीतसर दत्तक घेतले. हेडनची तीन मुले ही त्यांची नातवंडे. त्यांना गोष्टी सांगण्यात आणि रसायनांचे रंगीत जाळ करून दाखवण्यात या आजोबांचा वेळ जाई. रक्तातून जे पुढे द्यायचे नव्हते ते टाळून बाकी सगळे संसारसुख त्यांनी असे जमवून आणले.

समाजवाद त्यांनी सोडला नाही. एका बलाढ्य कंपनीचे सर्वात नावाजलेले इंजिनियर आणि त्याच वेळी समाजवादी पक्षाचे सभासद, ही जोडी लोकांना कोड्यात टाके. १९११ मध्ये स्केनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आला तेव्हा स्टाइनमेट्झ शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. परदेशातून आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी वेगळे वर्ग काढायला लावले. बंदरावर अडवल्या गेलेल्या माणसाला त्या मुलांची अडचण सांगावी लागली नसेल.

त्यांच्याबद्दल सर्वात जास्त सांगितली जाणारी गोष्ट हेन्री फोर्डच्या कारखान्यातली. बिघडलेल्या जनरेटरवर त्यांनी खडूने एक खूण केली, तिथे दुरुस्ती झाली आणि त्यांनी भलेमोठे बिल पाठवले, अशी ती गोष्ट. ती छापली गेली ते त्यांच्या मृत्यूनंतर खूप वर्षांनी आणि तिला पुरावा कच्चाच आहे. शिवाय ती माणसाला जादूगार करून टाकते. त्यांचे खरे काम नेमके उलटे होते. जे पूर्वी काही जणांच्या हाताला आणि नशिबाला कळे ते सूत्रात बसवून कोणत्याही साध्या इंजिनियरच्या आवाक्यात आणणे, हे त्यांचे काम. १९१५ मध्ये खोपोलीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली तोवर असे हिशेब जगभर नेहमीचे झाले होते.

१९२० मध्ये त्यांच्या उन्हाळी झोपडीवर वीज पडली. फुटलेल्या आरशाचे तुकडे गोळा करून त्यांनी ते दोन काचांमध्ये जुळवले आणि वीज कोणत्या वाटेने गेली ते शोधले. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत लाखाहून जास्त व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. वर्तमानपत्रांना एवढेच पुरले. पण त्याच १९२० साली त्यांनी लिहिलेला एक निबंध कमी लोकांच्या लक्षात राहिला. वीजकेंद्रे एकमेकांना जोडून मोठे जाळे केले तर ते स्थिर राहील का, हा त्याचा विषय. वीजजाळ्याच्या स्थिरतेचा प्रश्न स्वतंत्र प्रश्न म्हणून ओळखणारे हे सुरुवातीचे लिखाण मानले जाते. नेहमीच्या चालीत सर्व काही ठीक असते. धक्का बसला की मग काय होते, एवढेच त्यांना पाहायचे होते.

तो प्रश्न त्यांच्यानंतर शंभर वर्षे वाढतच गेला. व्होल्टेज घसरले की मोटारीचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज २० टक्के उतरले तर जोर ६४ टक्केच उरतो. मोटार रेंगाळते, जास्त करंट खेचते आणि जास्त हातउसने मागते. त्यामुळे व्होल्टेज आणखी पडते. रक्तस्रावाने शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाचे हृदय जसे रक्त कमी मिळाल्याने दुबळे होते आणि दुबळे झाल्याने आणखी कमी रक्त ढकलते, तसेच हे चक्र. वाईट म्हणजे कपॅसिटरही ऐन वेळी हात आखडतो. व्होल्टेज ९० टक्क्यांवर आले की तो ८१ टक्केच मदत देतो. २३ जुलै १९८७ रोजी टोकियोत कडक उन्हात दुपारी एअर कंडिशनर एकदम वाढले, व्होल्टेज घसरत गेले आणि सुमारे ८,००० मेगावॉटचा पुरवठा बंद पडला. उलटेही होते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. तिथे व्होल्टेज चढत गेले, त्यामुळे केंद्रे एकामागून एक सुटत गेली आणि प्रत्येक सुटण्याने व्होल्टेज आणखी चढले.

म्हणून आता लाईनला नुसते कपॅसिटर टांगून भागत नाही. स्टाइनमेट्झ यांच्या काळात बिनकामाची फिरणारी मोठी मोटार ठेवून तिच्या चुंबकत्वाचा करंट कमी-जास्त करत आणि हवी तितकी हातउसनी वीज देत किंवा घेत. १९७० च्या दशकात हे काम अर्धवाहक स्विच करू लागले, आणि १९९० नंतर स्टॅटकॉम नावाचे यंत्र आले. ते व्होल्टेज वाचते आणि एका आवर्तनाच्या आसपासच्या वेळात मदत देते किंवा काढून घेते. व्होल्टेज पडले तरी त्याचा करंट कपॅसिटरसारखा आटत नाही. महाराष्ट्रात सोलापूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, इथे पॉवरग्रिडने असे स्टॅटकॉम बसवले आहेत. तिरोड्याची वीज कोराडी, अकोला करत ज्या ७६५ किलोव्होल्टच्या लाईनने औरंगाबादकडे जाते तशा लांब लाईनींचा स्वभावच दुटप्पी असतो. भार जास्त असला की त्या हातउसनी वीज खातात. रात्री भार उतरला की त्याच ती बाहेर टाकतात आणि व्होल्टेज फुगवतात.

खरी अडचण यंत्राच्या ताकदीची नसून त्याच्या मेंदूची आहे. व्होल्टेज किती पडल्यावर किती मदत द्यायची, हे नियंत्रकाला सांगून ठेवावे लागते. आणि जाळे तर रोज बदलते. चार लाईनी चालू असताना ते भक्कम असते, दोन बंद पडल्या की दुबळे. भक्कम जाळ्यात जी मदत जेमतेम जाणवते तीच दुबळ्या जाळ्यात व्होल्टेजला उसळी देते. मग नियंत्रक घाबरून मदत काढतो, व्होल्टेज आपटते, तो पुन्हा देतो, आणि झोके सुरू होतात. हृदय निकामी होत आलेल्या रुग्णाच्या श्वासात डॉक्टरांना हेच झोके दिसतात. रक्त मंद वाहत असते, फुप्फुसांची खबर मेंदूला उशिरा मिळते आणि मेंदू गरजेपेक्षा जास्त जोराने हुकूम सोडतो. श्वास वाढत जातो, मग उतरत उतरत थांबतो, पुन्हा सुरू होतो. डब्लिनच्या दोन डॉक्टरांच्या नावाने याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. फुप्फुस, मेंदू, नसा आपापल्या जागी काम करतच असतात, पण उशीर आणि अतिउत्साह यांची जोडी जमली की सगळे डोलू लागते.

१९८० च्या दशकात जॉर्ज झेम्स आणि इतरांनी उभारलेली रोबस्ट कंट्रोल ही विद्या नेमक्या याच ठिकाणी उपयोगी पडते. रुग्ण नेमका कसा आहे हे पूर्ण कळणार नाही असे धरूनच डोस ठरवायचा. इन्सुलिनची मात्रा एका सडपातळ आणि एका जाड माणसाला सारखीच द्यायची वेळ आली तर शहाणा डॉक्टर जी मात्रा दोघांनाही बाधणार नाही ती निवडतो, मग एकाची साखर थोडी उशिरा उतरली तरी चालते. रोबस्ट नियंत्रक तसा असतो. भक्कम जाळ्यापासून दुबळ्या जाळ्यापर्यंत सगळी शक्य रूपे आधी गणितात मांडतात आणि सर्वात वाईट रूपातही झोके उठणार नाहीत असा नियम शोधतात. थोडी चपळाई सोडावी लागते. सौर आणि पवनऊर्जा वाढली तसे जाळ्याचे रूप तासातासाला पालटू लागले, म्हणून या विद्येची निकडही वाढली. तिची समीकरणे १८९३ च्या त्याच काल्पनिक संख्यांत लिहिली जातात.

१९२२ मध्ये स्टाइनमेट्झ यांनी रशियाच्या विद्युतीकरणाला मदत देऊ करणारे पत्र लेनिनला लिहिले. लेनिनने आभाराचे उत्तर आणि स्वतःचा फोटो पाठवला. त्याच वर्षी ते न्यूयॉर्क राज्याच्या मुख्य इंजिनियरच्या पदासाठी निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. १९२३ च्या शरदात हेडन कुटुंबासह ते रेल्वेने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेले. वाटेत ठिकठिकाणी व्याख्याने झाली, नातवंडांना डोंगर आणि समुद्र दाखवून झाला. घरी परतले ते थकून. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. २६ ऑक्टोबर १९२३ च्या सकाळी, स्केनेक्टडीच्या घरात, अंथरुणातच हृदय बंद पडून त्यांचा मृत्यू झाला. वय ५८ होते. त्यांना तिथल्याच व्हेल दफनभूमीत पुरले.